नव्या घरातील मूल आणि हातावर न बसणारे पक्षी

मुलांच्या पुस्तकांविषयीच्या या सदरात गेल्या अंकात घर बदलण्याच्या विषयावरील चित्रपुस्तकांचा ओझरता उल्लेख झाला होता. त्यावर नागपूर आणि परिसरातून आलेली बरीच पत्रे एकाच प्रकारच्या पुस्तकाविषयी आहेत : कुटुंब नव्या घरी जाते, मूल एकटे पडते आणि त्याची पहिली ओळख होते ती शेजाऱ्यांशी नव्हे, तर खिडकीबाहेरच्या पाखरांशी. त्यांतील चार पत्रांना येथे उत्तरे देत आहे.

प्रश्न : आम्ही नागपूरच्या महाल भागातील जुना वाडा सोडून बेसा भागातील एका फ्लॅट स्कीममध्ये चौथ्या मजल्यावर राहायला आलो. माझी मुलगी सहा वर्षांची आहे. तिच्या मावशीने दिलेल्या चित्रपुस्तकात नव्या गावी गेलेला मुलगा खिडकीत दाणे ठेवतो, पान उलटताच पक्षी येतात आणि शेवटी ते त्याच्या हातावर, डोक्यावर बसतात. तेव्हापासून मुलगी रोज सकाळी बाल्कनीत हात पुढे करून उभी राहते. पक्षी काही येत नाहीत. आता ती म्हणते, “इथल्या पक्ष्यांना मी आवडत नाही.” पुस्तक लपवून ठेवावे का?
— एक आई, बेसा

उत्तर : पुस्तक लपवू नका. मुलीच्या लेखी पुस्तक खरे आहे आणि चुकलेले आहेत ते पक्षी, किंवा ती स्वतः. पुस्तक नाहीसे झाले तर तिचा हा समज पक्का होईल, दुसरे काही होणार नाही.

चित्रपुस्तकातला काळ दोन पानांच्या मध्ये असतो. एका पानावर रिकामी खिडकी आणि पुढच्या पानावर खिडकीत चार पक्षी, यांच्यामध्ये दोन दिवस गेले की दोन महिने, हे चित्रकाराने सांगितलेले नसते, आणि सहा वर्षांच्या मुलीला तो काळ पान उलटण्याइतकाच वाटतो. म्हणून पुस्तक पुन्हा काढा, नेमक्या त्या जागी थांबा आणि “मधल्या दिवसांत तो मुलगा काय करत असेल?” असे तिलाच विचारा. या प्रश्नाला मुले फार चांगली उत्तरे देतात. शेवटच्या पानाचे मात्र समर्थन करता येणार नाही. रानपक्षी मुलाच्या डोक्यावर आणून बसवणे ही या प्रकारच्या पुस्तकांची जुनी खोड आहे. पुढे आलेला हात म्हणजे आपल्याला धरायला आलेले काहीतरी, एवढेच पक्ष्याला कळते, आणि तसे कळते म्हणूनच तो जगलेला असतो. हे तिला स्पष्ट सांगावे. मुलांना त्याचे वाईट वाटत नाही. उलट पुस्तकाची चूक आपल्याला सापडली याचा त्यांना आनंद होतो.

महालात तिला पक्षी सहज भेटत होते, त्याचे कारणही सांगण्यासारखे आहे. जुन्या वाड्यांत तुळयांच्या खाचा, कौलांखालच्या फटी, मीटरच्या पेटीमागची पोकळी अशा असंख्य जागा चिमण्यांना घरट्यासाठी मिळत आल्या, आणि अंगणात कोणी ना कोणी धान्य पाखडत असे. नव्या स्कीमच्या गुळगुळीत भिंतीत चिमणीला चोच घालण्यापुरतीही फट नसते. शिवाय चिमणी स्वतः दाणे टिपत असली तरी पिलांना ती किडे आणि अळ्या भरवते, आणि पूर्ण फरशी घातलेल्या आवारात त्या मिळत नाहीत. म्हणजे बेसा येथील चिमण्यांनी तुमच्या मुलीला नापसंत केलेले नाही. त्यांना तिथे घरच मिळालेले नाही.

आता करायचे ते असे. मातीचे पसरट, उथळ भांडे घ्या, दोन बोटे पाणी भरा आणि ते बाल्कनीच्या सावलीच्या कोपऱ्यात ठेवा. पाणी रोज बदलावे आणि भांडे घासावे, अन्यथा शेवाळ धरते आणि डासांची सोय होते. नागपूरच्या उन्हाळ्यात दाण्यांपेक्षा पाण्याला पक्षी लवकर येतात. दाणे ठेवायचेच तर ज्वारी, बाजरी किंवा तांदळाची कणी मूठभर, रोज एकाच वेळी ठेवावी. पाव, फरसाण, दूध यांतले काहीही नको. कबुतरांनी जागा बळकावली तर दाणे सरळ बंद करून फक्त पाणी ठेवावे, कारण त्यांच्या वाळलेल्या विष्ठेच्या धुळीमुळे फुप्फुसांचा आजार होऊ शकतो. बाल्कनीत कूलर असेल तर मार्चमध्ये त्यात नवे गवत भरण्याआधी आत डोकावून पाहावे. हिवाळाभर बंद पडलेल्या कूलरमध्ये कोणीतरी बिऱ्हाड थाटलेले असण्याची शक्यता असते.

मुलीने मात्र बाल्कनीत उभे न राहता घरात, दाराच्या आत, रोज त्याच जागी बसावे. पक्षी माणसे ओळखतात ही केवळ गोष्टीतली कल्पना नाही. अमेरिकेतील सिॲटल येथे वॉशिंग्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी एक विशिष्ट मुखवटा घालून काही कावळे पकडले आणि सोडून दिले. पुढे अनेक वर्षे तो मुखवटा घातलेला माणूस दिसला की तिथले कावळे कलकलाट करत, आणि दुसरा मुखवटा घातलेल्या माणसाकडे फारसे लक्ष देत नसत. ठरलेल्या वेळी घास ठेवणाऱ्या आजीकडे कावळा वेळेवर हजर होतो, हे तर तुमच्या मुलीने महालात पाहिलेही असेल. साळुंकी पाणी पिताना एकदा आत पाहील, मुलगी बसलेली दिसेल, आणि तरीही ती पाणी पीत राहील. रानपक्ष्याशी मैत्री होते ती एवढीच, आणि ती हातावर बसण्यापेक्षा कितीतरी अवघड आहे. तिला एक वही द्या आणि ‘आज कोणी आले नाही’ हीसुद्धा नोंद आहे, असे सांगून टाका.

आणखी एक. “इथल्या पक्ष्यांना मी आवडत नाही” या वाक्यात पक्ष्यांच्या आडून स्कीममधल्या मुलांविषयी काही बोलले जात आहे का, इकडे तुमचे लक्ष असू द्या. ते तिला विचारू नका. पुस्तक वाचता वाचता तीच सांगेल.

प्रश्न : मी चित्रकलेचे शिक्षण पूर्ण केले असून स्वतःच्या पहिल्या चित्रपुस्तकावर काम करत आहे. परीक्षा संपल्यावर एक मुलगी शहराच्या मध्यवस्तीतून नव्या ले-आउटमध्ये, म्हणजे प्लॉट पाडलेल्या वस्तीत, राहायला जाते आणि तिथल्या पक्ष्यांशी तिची मैत्री होते, अशी गोष्ट आहे. मजकूर सुमारे १५०० शब्दांचा झाला असून त्यातील दोन पाने सोबत पाठवत आहे. मुखपृष्ठावर अंबाझरी तलावावरची बदके आणि भोरड्यांचा (गुलाबी मैनांचा) थवा काढण्याचा विचार आहे. शेवट सुचत नाही.
— एक चित्रकार, धरमपेठ

उत्तर : १५०० शब्द फार झाले. चार ते सात वर्षांच्या मुलांच्या चित्रपुस्तकाला बहुधा पाचशे शब्दही पुरून उरतात. तुमचा मजकूर लांबला, कारण चित्रकार असूनही तुम्ही चित्रावर भरवसा ठेवलेला नाही. ‘निळ्या पडद्याच्या खिडकीत एक काळ्या डोक्याचा बुलबुल येऊन बसला’ असे तुमचे एक वाक्य आहे. पडदा निळा आहे, डोके काळे आहे आणि पक्षी खिडकीत आहे, हे सगळे चित्र सांगणारच आहे. वाक्याने चित्रात मावत नाही ते सांगावे : तो कालही याच वेळी आला होता, किंवा आई अजून कामावरून आली नव्हती. छपाईचा मोठा कागद घड्या घालून कापला जात असल्याने पाने आठाच्या पटीत येतात, म्हणजे १६, २४ किंवा ३२. बत्तीस पानांतून नामपान आणि श्रेयपान वजा केले की गोष्टीला साधारण १४ जोडपाने, म्हणजे समोरासमोरच्या पानांच्या जोड्या, उरतात. साधे कागद दुमडून, मधोमध टाचून आधी डमी करा आणि पान उलटताना काय उघड होते ते तपासा. संगणकाच्या पडद्यावर ते कळत नाही.

आता मुखपृष्ठ. तुमची नायिका परीक्षेनंतर, म्हणजे एप्रिलच्या अखेरीस घर बदलते. तोवर भोरड्या परतीच्या वाटेला लागलेल्या असतात आणि हिवाळी बदकेही तलाव सोडून गेलेली असतात. ती दोन्ही चित्रे सुंदर होतील याविषयी शंका नाही, पण ती काढून टाकावीत. वास्तविक तुमच्या हाती याहून मोठी गोष्ट आहे आणि ती तुम्ही वापरलेली नाही. विदर्भातील शाळा उन्हामुळे उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या अखेरीकडे उघडतात. एप्रिलच्या शेवटी घर बदललेल्या नागपूरच्या मुलीला दोन महिने नवी शाळा नाही, वर्गमैत्रिणी नाहीत, आणि पारा ४५ अंशांच्या आसपास असल्याने सकाळी नऊपासून संध्याकाळपर्यंत बाहेर पाऊल टाकायलाही बंदी. तिच्या वाट्याला येतात त्या पहाटेच्या आणि तिन्हीसांजेच्या वेळा, आणि पक्ष्यांच्याही वेळा त्याच असतात. तुमच्या गोष्टीचे सारे वेळापत्रक यातून तयार मिळते : पहाटे गच्चीच्या टोकावर बसून गाणारा दयाळ, उन्हे चढू लागली की तांबटाचा एकसुरी टुकटुक आवाज, दुपारी कूलरची घरघर आणि काहीही न घडणारे एक संपूर्ण जोडपान. ते पान गाळू नका.

पक्षी काढताना रंगांपेक्षा चालीकडे पाहावे. चिमणी दोन्ही पाय जोडून टुणटुण उड्या मारते, तर साळुंकी एकेक पाऊल टाकत रुबाबात चालते. बहुतेक चित्रपुस्तकांत दोघीही सारख्याच उभ्या असतात. लालबुड्या बुलबुलाचा लाल डाग शेपटीखाली असतो, म्हणून वरच्या मजल्यावरून खाली पाहणाऱ्या मुलीला तो दिसणार नाही. तिला दिसेल ती उडताना शेपटीच्या मुळाशी चमकणारी पांढरी पट्टी. कुहूकुहू करणारा कोकीळ नर असून तो काळा असतो, आणि मादी तपकिरी, अंगभर ठिपके असलेली असते. (कोकिळेचे पिल्लू कावळ्याच्या घरट्यात वाढते, हीसुद्धा घराविषयीचीच गोष्ट आहे; पण ती तुमच्या पुढच्या पुस्तकासाठी ठेवा.) सातभाई आणायचे असतील तर एकटा आणू नका, ते टोळीनेच फिरतात, टोळीनेच भांडतात आणि पिलांना भरवायलाही टोळीतले इतर पक्षी हातभार लावतात. नव्या जागी एकट्या आलेल्या मुलीने हे कुटुंब वरून पाहत राहावे, यात वेगळे काही लिहावे लागत नाही.

मात्र ले-आउटची खरी नायिका टिटवी आहे, आणि तुमच्या मजकुरात ती कुठेच नाही. ती झाडावर घरटे बांधत नाही. मोकळ्या प्लॉटवर, मुरमाच्या खड्यांमध्ये, किंचित खोलगट जागा करून ती बहुधा चार अंडी घालते. त्यांचा रंग आणि ठिपके खड्यांत इतके मिसळतात की पायाशी असूनही दिसू नयेत. माणूस किंवा कुत्रा जवळ आला की ती ओरडून आकाश डोक्यावर घेते. कडक उन्हात पोटाची पिसे पाण्यात भिजवून ती परत येते आणि त्या ओलाव्याने अंडी थंड ठेवते. हे चित्र मे महिन्यातल्या नागपूरचेच आहे. पिल्ले अंड्यातून बाहेर आल्यावर काही तासांत चालू लागतात आणि ती जागा सोडून जातात. म्हणजे प्लॉटवर घर बांधणाऱ्या माणसांपासून ते पिलांपर्यंत सगळ्यांचेच घर बदलणे इथे एका चौकटीत आले. मुलीची स्कीम जिथे उभी आहे, तिथेही काही वर्षांपूर्वी टिटवीची अंडी असतील, हे शब्दांत सांगू नका. शेजारच्या प्लॉटवर टाकलेला विटांचा ढीग एका कोपऱ्यात काढला तरी वाचणाऱ्या मुलांना ते समजते.

तुमचा शेवट यातूनच निघेल असे वाटते. मुलीने अंडी उचलून घरी आणणे, पिल्लू हातात घेणे, पिंजरा आणून सोडून देणे, हे तिन्ही मार्ग बंद समजा. पोपट, मैना, मुनिया यांच्यासारखे आपले देशी रानपक्षी पाळणे हा वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार गुन्हा आहे, आणि पुस्तकातला पिंजरा शेवटी उघडला जात असला तरी मुलांच्या लक्षात राहतो तो पिंजराच. टिटवीने मुलीवर शेवटपर्यंत ओरडत राहावे. फरक पडावा तो मुलीत : अंडी कुठे आहेत हे माहीत असलेली ती एकटी, क्रिकेट खेळायला प्लॉटवर आलेल्या अनोळखी मुलांना “इकडून नका जाऊ” असे पहिल्यांदा ओरडून सांगते. पक्ष्याशी झालेल्या ओळखीतून माणसांशी ओळख होते, आणि तीही भांडणाने. हा माझा प्रस्ताव झाला. तुम्हाला पटला नाही तरी डमी मात्र आधी करा.

प्रश्न : कडुलिंबाखाली पडलेले साळुंकीचे पिल्लू माझ्या नातवाने घरी आणले. त्याच्या चित्रपुस्तकातला मुलगा बुटाच्या खोक्यात पिल्लू वाढवतो, त्यामुळे तोही तसाच हट्ट धरून बसला होता. आम्ही ते परत ठेवले, पण तो दोन दिवस रुसला. काय करायला हवे होते?
— एक आजोबा, प्रतापनगर

उत्तर : तुम्ही केले तेच बरोबर होते. अंगावर पिसे आलेले, उड्या मारणारे पिल्लू बहुतेक वेळा हरवलेले नसते. उडता येण्याआधी घरट्यातून बाहेर पडणे हा त्याच्या वाढीचाच टप्पा असतो आणि आई-बाप आसपास राहून त्याला भरवत असतात. कुत्र्या-मांजरांपासून वाचवण्यापुरते त्याला जवळच्या फांदीवर किंवा झुडपात ठेवावे आणि दूर व्हावे. पिसे न आलेले पिल्लू असेल आणि घरटे हाताला येत असेल तर ते घरट्यात ठेवावे. माणसाचा हात लागला की पक्षी पिलाला टाकून देतात, हा समज निराधार आहे. चोचीत पाणी ओतू नये आणि दुधात भिजवलेला पाव तर मुळीच देऊ नये. पिल्लू जखमी असेल तर भोके पाडलेल्या खोक्यात ठेवून वन विभागाच्या सेमिनरी हिल्स येथील ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटरमध्ये न्यावे; संक्रांतीच्या दिवसांत नायलॉन मांज्याने कापलेल्या पक्ष्यांसाठीही हेच लक्षात ठेवावे. पुस्तकाविषयी म्हणाल तर खोके येते त्या पानापर्यंत ते वाचा, नातवाला दोन कोरे कागद द्या आणि पुढची पाने त्यालाच काढू द्या. झाडामागे लपून बसलेली साळुंकी त्या चित्रात असायला हवी, एवढी अट घाला.

प्रश्न : मी हिंगणा तालुक्यातील जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. वर्गात वीटभट्टीवर काम करणाऱ्या कुटुंबांतील काही मुले आहेत. ती दिवाळीनंतर येतात आणि पावसाळ्यापूर्वी गावी परततात. घर बदलण्याच्या पुस्तकांत सामानाचा ट्रक असतो, मुलाची स्वतंत्र खोली असते आणि त्या खोलीला खिडकी असते. माझ्या मुलांना त्यात स्वतःचे काही दिसत नाही. शिवाय पुस्तकाची प्रत एक आणि मुले पस्तीस.
— एक शिक्षिका, हिंगणा

उत्तर : तुमची तक्रार रास्त आहे. ट्रक आणि खिडकी असलेली पुस्तके एकदाच आणि कायमचे घर बदलणाऱ्यांची आहेत. दर वर्षी ये-जा करणाऱ्या मुलाची गोष्ट त्यांत नसते. पक्ष्यांमध्ये मात्र ती भरपूर आहे. भोरड्या पूर्व युरोप आणि मध्य आशियाकडून पावसाळा सरताना आपल्याकडे येतात, फेब्रुवारी-मार्चमध्ये फुललेल्या पळसावर झुंबड करतात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर अंडी घालण्यासाठी परत जातात. पट्टकादंब हे राजहंसासारखे दिसणारे पक्षी लडाख, तिबेट, मंगोलियाकडच्या पठारांवरून हिमालय ओलांडून हिवाळ्यात विदर्भातील तलावांवर उतरतात. ‘त्यांचे खरे घर कोणते?’ असा प्रश्न वर्गात विचारला तर गावात कायम राहणारी मुले एकच उत्तर देतील; भट्टीवरची मुले काय उत्तर देतात ते ऐकण्यासारखे असेल. त्या उत्तरांतूनच वर्गाचे पुस्तक तयार करता येईल. एका मुलाकडे एक जोडपान, चित्र त्याचे आणि वाक्य त्याने सांगितलेले, तुम्ही लिहिलेले.

एका प्रतीची अडचण त्यामानाने लहान आहे. मुलांना अर्धवर्तुळात दोन रांगांत बसवावे, पुस्तक छातीसमोर न धरता खांद्याच्या बाजूला उघडे धरावे आणि पान वाचून झाल्यावर ते एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश फिरवावे. ज्या पानावर शब्द नाहीत तिथे तुम्हीही बोलू नये. पाचवीतले एखादे मूल पहिलीतल्या दोघांना वाचून दाखवते, अशी जोडी लावली तर तीच प्रत आठवडाभर फिरत राहते. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर मराठी चित्रपुस्तके मुक्त परवान्याखाली उपलब्ध आहेत. ती उतरवून, छापून वर्गात वापरता येतात आणि त्यासाठी कोणाची परवानगी मागावी लागत नाही.

राज्यात २०२० पासून ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह पाळला जातो; ५ नोव्हेंबर हा अरण्यलेखक मारुती चितमपल्ली यांचा आणि १२ नोव्हेंबर हा पक्षिशास्त्रज्ञ डॉ. सलीम अली यांचा जन्मदिवस. भट्टीवरची मुले तुमच्याकडे साधारण त्याच सुमारास दाखल होतात. त्यांना येताच शाळेभोवतीचे पक्षी शिकवण्याऐवजी त्यांच्या गावी कोणते पक्षी आहेत आणि तिथे त्यांना काय म्हणतात, हे आधी विचारा. चितमपल्लींनी पक्ष्यांची अशी नावे आयुष्यभर जंगलात राहणाऱ्या माणसांकडूनच गोळा केली. भिंतीवर मोठा कागद लावा, पहिली नावे या मुलांच्या बोलीतली लिहा आणि आपल्याकडची नावे त्यांच्याखाली वर्गातल्या जुन्या मुलांना शोधून लिहू द्या.